विद्यापीठे आणि अनागत पिढ्या

१९३४ साली मुंबई सरकारने पुण्याचे डेक्कन कॉलेज बंद केले. जागतिक मंदीचे दिवस होते. सरकारी खजिन्याला ओढ लागली होती आणि खात्याखात्यांतून खर्च छाटण्याच्या तजविजी चालल्या होत्या. फर्ग्युसन, सर परशुरामभाऊ, वाडिया ही महाविद्यालये खाजगी संस्थांच्या बळावर चालत असताना पदवीपरीक्षेला मुले बसविणारे आणखी एक महाविद्यालय सरकारी पैशाने कशाला पोसावे, असे जमाखर्चाच्या वहीपुरते पाहणाऱ्यास सहज वाटावे. पण ज्या संस्थेला कुलूप लागत होते तिच्या बाकांवर टिळक आणि आगरकर बसले होते, रामकृष्णपंत भांडारकरांनी तेथे संस्कृत शिकविले होते, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांची पदवी तिथलीच होती, या गोष्टींना त्या वहीत रकाना नव्हता. माजी विद्यार्थ्यांना हा निर्णय मानवला नाही. ते न्यायालयापर्यंत गेले, हट्टाने झगडत राहिले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेजचे दरवाजे पुन्हा उघडले. मात्र ते उघडले पदव्युत्तर अध्यापन आणि संशोधन यांना वाहिलेल्या संस्थेच्या रूपाने.

ही घटना मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे एक जुना प्रश्न नीट मांडता येतो. विद्यापीठे पुढच्या पिढ्यांचे भवितव्य घडवितात, हे वाक्य आपण दर पदवीदान समारंभात ऐकतो आणि त्याचा अर्थ बहुधा एवढाच घेतो की आज शिकणारी मुले उद्या मिळवती होतील. हा अर्थ खोटा नव्हे; ज्या घरात पहिलीच पदवी येत आहे त्या घराला तो जिव्हाळ्याचा आहे, आणि त्याला क्षुद्र लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु तेथे पुढची पिढी म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर वाढणारी आपली मुले, एवढीच मर्यादा पडते. त्यांच्याही पलीकडे जे अद्याप जन्मलेले नाहीत, ज्यांना मताधिकार नाही, ज्यांची फी भरणारा पालक कोणत्याही कचेरीच्या खिडकीशी उभा नाही, अशांसाठी आजच काम करून ठेवण्याची मोकळीक समाजाने ज्या संस्थेला दिली आहे, ती संस्था म्हणजे विद्यापीठ होय. सरकार निवडणुकीच्या मुदतीने बांधलेले असते, पेढी वर्षअखेरच्या ताळेबंदाने आणि वृत्तपत्र उद्याच्या पहाटेने. शंभर वर्षांच्या मुदतीचे काम उघडपणे, सार्वजनिक पैशाने आणि संकोच न बाळगता हाती घेता येईल अशी जागा विद्यापीठाखेरीज समाजाने फारशी निर्माण केलेली नाही. डेक्कन कॉलेजच्या दोन शतकांच्या आयुष्यात ही गोष्ट प्रत्यक्ष पाहायला मिळते.

या संस्थेचे मूळ १८२१ साली विश्रामबाग वाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेत आहे. पेशवे दरवर्षी श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत. पेशवाई बुडाल्यावर त्या रकमेचा काही अंश स्थायी स्वरूपाच्या विद्यादानाकडे वळवावा, अशी योजना एल्फिन्स्टनने केली आणि तीतून ही पाठशाळा उभी राहिली. पुण्यातील विद्वद्वर्गाचे मन राखावे हा नव्या राजवटीचा हेतू उघड होता, आणि आरंभी पाठशाळेचे दार केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतेच उघडे होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. १८४९ साली लोकहितवादींसह काही सुधारकांनी अर्ज केला की दक्षिणेच्या रकमेतून मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना उत्तेजन मिळावे. शहरात मोठी खळबळ उडाली. अर्जदारांच्या अंगावर कोणी येऊ नये म्हणून जोतीराव फुले आपली माणसे घेऊन पाठीशी उभे राहिले, आणि पुढे दक्षिणा प्राइज कमिटीच्या रूपाने त्या अर्जाला फळ आले. पाठशाळेचे १८५१ साली पूना कॉलेज झाले, १८६४ साली त्याला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले, आणि १८६८ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने येरवड्यास बांधलेल्या दगडी इमारतीत ते राहावयास गेले.

पुनरुज्जीवित संस्थेत जी मंडळी एकत्र आली त्यांत सुमित्र मंगेश कत्रे हे भाषाशास्त्रज्ञ होते. पुढे संस्थेचे संचालकपदही त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. १९४८ साली त्यांनी संस्कृत भाषेचा ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेला महाकोश सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. सामान्य कोश शब्दाचा अर्थ सांगून मोकळा होतो. ऐतिहासिक कोशाला त्या शब्दाचे समग्र चरित्र सांगावे लागते: तो प्रथम कोणत्या ग्रंथात आढळला, पुढे कोणत्या काळात त्याचा अर्थ रुंदावला वा आक्रसला, वैद्यकात त्याने काय सुचविले, व्याकरणात काय, धर्मशास्त्रात काय, आणि कोणता अर्थ कोणत्या सुमारास लोपला. हे सांगायचे तर आधी सारे वाङ्मय चाळणे प्राप्त होते. त्यासाठी ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे १५०० ग्रंथ निवडण्यात आले, आणि संस्कृतज्ञांचा एक मोठा गट ते ग्रंथ ओळीओळीने वाचून त्यांतील शब्दांच्या चिठ्ठ्या करण्यास बसला.

ही चिठ्ठी जवळून पाहावी. लहानसा कागद; त्यावर हाताने लिहिलेला शब्द, तो ज्या ग्रंथात आला त्याचे नाव, अध्याय-श्लोकाचा नेमका स्थळनिर्देश, ज्या वाक्यात तो आला ते वाक्य, आणि टीकाकाराने अर्थ दिला असेल तर तोही. एक चिठ्ठी म्हणजे एका शब्दाचा एका जागेचा पुरावा. दुसऱ्या ग्रंथात तोच शब्द भेटला की दुसरी चिठ्ठी. असे वाचन १९४८ पासून सुमारे पंचवीस वर्षे चालले आणि चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. पोलादी कपाटांच्या खणांतून त्या अकारविल्हे लावून ठेवलेल्या आहेत. संपादक एखादा शब्द घेतो तेव्हा त्याच्या साऱ्या चिठ्ठ्या समोर मांडतो, त्यांचा कालक्रम लावतो, अर्थांच्या शाखा पाडतो आणि मगच लेखणी उचलतो. ज्यांनी या चिठ्ठ्या लिहिल्या त्यांना पुरा झालेला कोश पाहावयास मिळणार नव्हता.

पहिला भाग १९७६ साली अमृत माधव घाटगे यांच्या संपादकत्वाखाली प्रसिद्ध झाला. त्यानंतर तीसहून अधिक भाग निघाले, तरी कोश अद्याप 'अ' या पहिल्याच अक्षरात आहे. हे ऐकून काही जण हसतात. हसण्यापूर्वी त्यांनी संस्कृतची घडण क्षणभर ध्यानी घ्यावी. नकार दाखविणारा 'अ' किंवा 'अन्' जवळजवळ कोणत्याही नामाला आणि विशेषणाला लागतो, त्यामुळे भाषेतील शब्दसंपत्तीची एक अभावात्मक आवृत्ती याच अक्षराखाली येऊन बसते. शिवाय अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे उपसर्ग आणि त्यांनी घडलेले क्रियापदांचे सगळे परिवारही इथलेच. पहिला डोंगरच सर्वांत उंच आहे. आणि जगातही अशी कामे याच गतीने चालतात. ज्या इंग्रजी महाकोशाचा संकल्प लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली सुटला, तो ऑक्सफर्डला पुरा झाला १९२८ साली. त्याचे प्रमुख संपादक जेम्स मरे त्याआधी तेरा वर्षे निवर्तले होते. पुण्यातच भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली आरंभिले आणि १९६६ साली तडीस नेले. त्याला शास्त्रशुद्ध पाया घालून देणारे विष्णु सीताराम सुखटणकर १९४३ सालीच गेले. कत्रे गेले, घाटगे गेले, आणि कोशाच्या दालनात त्यांच्यानंतरच्या पिढीतील संपादक आज तीच कपाटे उघडून बसतात.

अशा कामाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याला उत्तर देण्याची घाई करू नये असे माझे मत आहे. भारतातील वैद्यक, गणित, वास्तुविद्या, न्यायव्यवहार यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या माणसाला शब्दांचे काळ ठाऊक नसतील तर तो पावलोपावली फसेल, एवढे आजही सांगता येते. पण या कोशाला कोणकोणते प्रश्न विचारले जातील हे आज कोणालाही ठाऊक असणे शक्य नाही, कारण ते प्रश्न विचारणारी बुद्धी अजून जन्माला यायची आहे. तिच्या हाती साधन तयार असावे, इतकीच जबाबदारी आपल्याकडे येते.

याच संस्थेत पुरातत्त्वाचा विभाग हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी उभा केला. मुंबई विद्यापीठाच्या एम. ए. साठी त्यांनी लिहिलेला प्रबंध प्राचीन नालंदा विद्यापीठावर होता, आणि तो ग्रंथरूपाने निघाला १९३४ साली, म्हणजे डेक्कन कॉलेज बंद पडले त्याच वर्षी. सांकलिया १९३९ साली पुण्यास आले आणि निवृत्त होईपर्यंत, १९७३ पर्यंत, तेथेच राहिले. ते येईपर्यंत महाराष्ट्राच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः सातवाहनांपासून सांगितला जाई. त्याआधी या भूमीत कोण राहत होते याचे उत्तर ग्रंथांत नव्हते. संगमनेरजवळ जोर्वे, प्रवरेकाठी नेवासे, गोदावरीकाठी नाशिक अशा ठिकाणी सांकलिया आणि त्यांचे सहकारी-विद्यार्थी माती खरवडत गेले, आणि ते उत्तर हळूहळू वर आले. या मालिकेतील मुकुटमणी म्हणजे शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेले इनामगाव.

तेथे १९६८ पासून १९८३ पर्यंत बारा हंगाम उत्खनन झाले. सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर केशव ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या पाळ्यांमागून पाळ्या तेथे तयार झाल्या. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची एक शेतकऱ्यांची वस्ती तिच्या घरांसह, चुलींसह, धान्याच्या बळदांसह उजेडात आली. नदीच्या पुराचे पाणी अडवून वळविण्यासाठी गावकऱ्यांनी बांध घातला होता आणि कालवा खणला होता. अल्पवयात गेलेली मुले घराच्याच जमिनीखाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली आढळली. प्रौढांना पुरताना त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली होती. मृत माणसाने घर सोडून जाऊ नये किंवा पिशाच होऊन हिंडू नये, अशी काही समजूत त्यामागे असावी असा तर्क केला जातो. नंतरच्या थरांत चौकोनी, प्रशस्त घरे जाऊन लहान वर्तुळाकार झोपड्या दिसू लागतात. ढवळीकरांची मीमांसा अशी की इसवी सनापूर्वी एक हजारच्या सुमारास पर्जन्यमान घटले, शेती खालावली, आणि ही माणसे पशुपालनाकडे व शिकारीकडे वळली. उत्खननाच्या त्या हंगामांच्या मधोमधच १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रावर कोसळला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वर्तुळाकार झोपड्यांकडे पाहताना आपल्याही पोटात कालवते. इनामगाव आज आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे. पण त्यामागे एका विभागाची चाळीसेक वर्षांची अखंड सलगता आहे, गुरूने शिष्याला आणि त्या शिष्याने आपल्या शिष्याला खापरांचे थर ओळखावयास शिकविण्याची परंपरा आहे. ती दरवर्षी नव्याने मंजुरी मागत बसली असती तर दुसऱ्या हंगामातच तुटली असती.

या सर्वांवर एक आक्षेप आहे आणि तो महाराष्ट्राने सर्वांत थोर मुखातून ऐकला आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी दाखवून दिले की सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र उच्च वर्गांच्या उच्च शिक्षणाला होतो. बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणीही त्यांनी केली. या आक्षेपाला बगल देऊन विद्यापीठांचे गुणगान करणे मला अप्रामाणिक वाटते. न जन्मलेल्यांच्या नावाने पैसा खर्च करायचा, आणि जन्मलेल्यांपैकी बहुसंख्यांना दाराबाहेर उभे करायचे, हा व्यवहार कोणत्याही युक्तिवादाने धर्म्य ठरत नाही. पुढल्या शतकाचा वाचक कोणत्या घरात जन्मेल हे ठाऊक नाही, म्हणून तर दार प्रत्येक घराकडे उघडे असावे लागते.

ते उघडले म्हणजे काय होते, याचे उदाहरण मराठवाड्यात आहे. स्वतः बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठापर्यंत गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे महाविद्यालय काढले ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. निजामी राजवट संपून तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि उच्च शिक्षणाची सोय असलेली ठिकाणे त्या प्रदेशात अगदी विरळा होती. १९५८ साली त्याच शहरात मराठवाडा विद्यापीठ निघाले. आणि साठीच्या दशकाच्या अखेरीस त्याच वातावरणातून गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक बाहेर पडले, ज्याने दलित साहित्याला दीर्घकाळ व्यासपीठ दिले. ज्यांच्या घरात अक्षरओळख नव्हती अशा घरांतून आलेल्या तरुणांनी वीस वर्षांच्या आत मराठी वाङ्मयाची दिशा बदलली. महाविद्यालय काढताना हे फळ कोणत्याही प्रस्तावात लिहून देता आले नसते, आणि कोणत्याही लेखापरीक्षकाला ते मोजताही आले नसते.

आजची स्थिती पाहता मन चिंतातुर होते. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे महाविद्यालये संलग्न करणारी आणि परीक्षा घेणारी अशी. स्वतः शिकविण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते. १९०४ च्या कायद्याने अध्यापन आणि संशोधनाचा मार्ग मोकळा झाला. तरीही संलग्नतेचा आणि परीक्षेचा हा वारसा आपल्या मोठ्या विद्यापीठांच्या मानेवरून उतरलेला नाही. शेकडो महाविद्यालयांच्या उत्तरपत्रिका, फेरतपासणीचे अर्ज, निकालांच्या तारखा यांतच कुलगुरूंपासून कारकुनांपर्यंत सर्वांची शक्ती खर्ची पडते, आणि वर्तमानपत्रांतून विद्यापीठाची बातमी येते ती बहुधा रखडलेल्या निकालाची.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट अध्यापकांची आहे. अनेक विभागांत मंजूर जागा रिक्त आहेत आणि काम चालते ते तासिका तत्त्वावर. या शब्दांशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी सांगतो: अध्यापकाला तो जितके तास शिकवील तितक्या तासांचे मानधन मिळते, नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती असते, सुटीच्या महिन्यांत काही नाही, आणि पुढील वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. यांत पीएच. डी. झालेली, नेट-सेट उत्तीर्ण झालेली, चाळिशी गाठलेली माणसे आहेत. मार्चमध्ये ज्याला जूनची शाश्वती नाही, तो बारा हंगामांच्या उत्खननाचा आराखडा कसा मांडील? आपल्यानंतर वीस वर्षांनी पुरा होणाऱ्या कोशाच्या चिठ्ठ्या तो कोणत्या भरवशावर लिहील? नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची वाट उघडली, हे स्वागतार्हच आहे. परंतु त्या विद्यार्थ्याच्या पाठीशी कायम नेमणुकीचा मार्गदर्शक नसेल तर ते वर्ष प्रकल्पवही भरण्यात संपेल. इमारती वाढल्या, संगणककक्ष झाले, प्रवेशद्वारांवर कमानी उभ्या राहिल्या. दालनातील माणूस तेवढा दरवर्षी बदलतो.

याबाबत सामान्य पदवीधराला काहीच करता येत नाही, अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी दहा प्रतिनिधी निवडून द्यावयाचे असतात, आणि विद्यापीठाचा वार्षिक अहवाल, लेखे व अंदाजपत्रक त्या अधिसभेपुढे येतात. यासाठी पदवीधराने आपले नाव विद्यापीठाच्या पदवीधर-यादीत स्वतः नोंदवावे लागते. ते नोंदविणारे थोडे असतात, मतदानाला जाणारे त्याहून थोडे, आणि उमेदवाराला काही विचारणारे तर क्वचितच आढळतात. विचारण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत: विद्यापीठाच्या विभागांतील किती जागांवर कायम अध्यापक आहेत, ग्रंथालयासाठी यंदा किती रक्कम मंजूर झाली आणि त्यांतील किती खर्च झाली, आणि पाच वर्षांहून अधिक मुदतीचे असे कोणते संशोधनकार्य चालू आहे की ज्यासाठी पुढील वर्षाची तरतूद आजच झालेली आहे.